टप उघडा, वाट बंद

वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचा एक देखणा मेळावा भरला होता. ‘ट्वेंटी-वन गन सॅल्यूट’ या नावाने भरणाऱ्या त्या सोहळ्याची ती दहावी खेप. संस्थानिकांच्या पदरी एके काळी असलेल्या लखलखीत गाड्या पाहून बघ्यांच्या डोळ्यांचे पारणे फिटले असेल, यात नवल नाही. सयाजीरावांच्या नगरीला असा थाट शोभतो आणि त्याविषयी आमची काही तक्रारही नाही. मात्र अशा मेळाव्यांमुळे एक समजूत लोकांच्या मनात घट्ट होत जाते. ती अशी की, जुनी मोटार ही राजेरजवाड्यांची आणि धनिकांची चीज. तिने ट्रकच्या पाठीवर बसून यावे, हिरवळीवर उभे राहावे, बक्षीस घ्यावे आणि पुन्हा ट्रकवर चढून घरी जावे. सरकारी नियमही नेमक्या याच समजुतीवर रचलेले आहेत. जुनी मोटार खऱ्या अर्थाने जिवंत ठेवणारा जो माणूस आहे, त्याच्या मुळावर ही समजूत आली आहे, म्हणून हा प्रपंच.

तो माणूस राजवाड्यात राहत नाही. तो छाणीसारख्या ठिकाणी राहतो. वडोदऱ्याहून अहमदाबादच्या जुन्या रस्त्याला लागले की शहराच्या उत्तर वेशीवर छाणी लागते. जैन समाजात हे गाव दीक्षा घेणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पलीकडे खताच्या कारखान्याची वसाहत आहे आणि त्याच्याही पुढे कोयलीचा १९६५ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना. गुजरातेतून जकात २००७ सालीच उठली, पण येथला ‘छाणी जकात नाका’ नावाने अजून शाबूत आहे. रिक्षावाल्याला आजही तेवढेच सांगितले की पुरते. एका अंगाला सर्वसंगपरित्यागाची परंपरा आणि दुसऱ्या अंगाला पेट्रोलचा वास, अशा या गावात एखाद्या जुन्या गाडीवर जीव जडवून बसलेला गृहस्थ असावा, हे आम्हांला अगदी संभवनीय वाटते.

समजा, हा गृहस्थ मराठी आहे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी एकातला. नोकरीतून निवृत्त झालेला. आणि त्याच्या घराशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली एक स्टँडर्ड हेराल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ ते १९७१ या काळात काढलेली ही गाडी आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना चांगली आठवत असेल. मूळ इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीची. तिचा घाट मिकेलोट्टी या इटालियन आरेखकाने काढलेला. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे. चाकांवरच्या पंखांसकट सबंध बॉनेट पुढे पालथे पडते, तेव्हा पुढच्या टायरवर बैठक मारून इंजिनाशी निवांत बोलता येते. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. बडोद्याच्या जुन्या पोळांत शिरलेल्या माणसाला या गुणाची किंमत कळेल. पण आजच्या विषयाला लागू पडणारा तिचा गुण वेगळाच आहे. तिची चासी स्वतंत्र असून वरचा सांगाडा तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसवलेला असतो. छतही तसेच. ते सोडवून काढता येते. इंग्लंडात १९६० पासून कारखान्यातूनच तिचा कापडी टपाचा अवतार निघत असे, आणि आपल्याकडेही हौशी मंडळींनी घरच्या गॅरेजात छते उतरवून त्यांवर कापडी टप चढवले. आमच्या गृहस्थाची हेराल्ड अशीच उघड्या टपाची आहे, असे धरून चालू.

मोटारीला टप असतो तो मुळात घोडागाडीकडून आलेला. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टप ज्यांनी पाहिला आहे त्यांना लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेले कापड आणि मागे पडणारी घडी यांचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. मौज अशी की, ही गाडी चालवण्यात जितकी सुखाची तितकीच सांभाळण्यात खाष्ट. पक्के छत म्हणजे केवळ ऊनपावसाचा आडोसा नसतो, ते सांगाड्याला ताठ धरणारे आढे असते. ते काढले की सांगाडा लवतो, दारे उतरतात, काचेच्या चौकटीशी फट पडते. कापड ओले असताना दुमडले तर आठवड्याभरात बुरशीचे ठिपके उमटतात. मागच्या खिडकीचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडून तडकते. कडेच्या शिवणीतून झिरपलेले पाणी गालिच्याखाली साठते आणि वरून सारे कोरडे दिसत असताना तळाचा पत्रा खालून जाळी होऊन जातो. हे सारे छाणीच्या कोरड्या हवेत. रत्नागिरी, मालवण, पणजी येथील खाऱ्या वाऱ्यात नि चार महिन्यांच्या पावसात अशी गाडी राखणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. तेथे दाराच्या बिजागऱ्याही वर्षाला तेल मागतात.

तरीही माणसे हा उद्योग करतात. का करतात, याचे उत्तर हिशोबाच्या वहीत सापडणार नाही. कार्बोरेटर उघडून त्याची सुई आणि जेट साफ करावे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांची फट पोस्टकार्डाच्या जाडीने का होईना पण नेमकी लावावी, आणि मग पहिल्या किल्लीला इंजिनाने हुंकार द्यावा, यात जे समाधान आहे ते काही करून दाखवल्याचे समाधान आहे. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर आत काळे झाकण दिसते आणि त्याखाली काय आहे हे कळण्यासाठी संगणक जोडावा लागतो. नव्या मोटारींतून कार्बोरेटर २००० सालच्या आगेमागे गेले. २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे मानक आल्यावर दुचाकींतूनही गेले. त्यांच्याबरोबर कानाने इंजिन ओळखणारे मिस्त्रीही जात आहेत. टपाचे कापड मापाने बेतून शिवणारे कुशनवाले, पत्र्याला हातोडीने वळण देणारे डेंटर, मोडलेला दांडा पाहून तसाच नवा लेथवर उतरवणारे टर्नर यांच्या पोटापाण्याची सोय अशा हौशी लोकांमुळे थोडीफार होते. वडोदऱ्याच्या दक्षिणेस मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा हातांची आजही वाण नाही, हे छाणीकरांचे भाग्य. ज्या शहरात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढून सुतार-लोहारांच्या पोरांना शास्त्रशुद्ध कारागिरी शिकवली, जेथे त्रिभुवनदास गज्जरांसारखा प्राचार्य लाभला आणि दादासाहेब फाळक्यांनीही धडे गिरवले, त्या शहरात हातांच्या या विद्येची किंमत निराळी सांगावी लागू नये.

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. राज्याने नेमलेली समिती तिची तपासणी करते, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, वीस हजार रुपये शुल्क भरावे लागते, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि नूतनीकरणाला पाच हजार लागतात. त्यापूर्वी या गाड्यांना कायद्यात घरच नव्हते, ते मिळाले. त्याबद्दल मंत्रालयाचे अभिनंदन करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. पण घर देताना दाराला बाहेरून कडी घातली आहे. अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती आणि या कामांसाठी जाणे-येणे, एवढ्यापुरतीच तिला रस्त्याची परवानगी. आमच्या गृहस्थाला रविवारी सकाळी पत्नीला शेजारी बसवून, टप मागे टाकून वासदच्या महीच्या पुलापर्यंत जाऊन यावेसे वाटले, तर ते प्रदर्शनही नव्हे आणि संशोधनही नव्हे.

ज्याच्या गाडीची साधी नोंदणी आजवर अखंड चालू आहे त्याला हे बंधन लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण करून तो ती चालवू शकतो. मात्र वीस वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाले. आणि मुख्य म्हणजे अशा अखंड कागदांच्या जुन्या गाड्या किती? कोणा मामलेदाराच्या वा डॉक्टरच्या वाड्यात वीस-पंचवीस वर्षे पोत्यांखाली पडलेली गाडी जेव्हा कोणी छांदिष्ट उचलून आणतो, तेव्हा तिच्यासोबत आलेली कागदपत्रे वाळवीने अर्धी खाल्लेली असतात. त्याला ‘व्हीए’चेच दार ठोठवावे लागते.

तेथेही हेराल्डवाल्याची अडचण संपत नाही. नियमाची दुसरी अट अशी की, गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट वाजवी आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी गॅरेजात छत उतरवून जिला टप बसवला त्या हेराल्डचे मूळ रूप कोणते मानायचे? पन्नास वर्षे ती उघडीच धावली. एका पिढीने तिला दुसऱ्या रूपात पाहिलेही नाही. समितीतील अधिकाऱ्याने नियम अक्षरशः वाचला तर ती बाद. कारखान्यातून आलेली उघडी गाडी पास आणि बोल्ट सोडून उघडी केलेली, तिचीच सख्खी बहीण, नापास!

परंतु आमचा खरा आक्षेप याहून मूलभूत आहे. मोटार ही वस्तुसंग्रहालयातील तलवारीसारखी उभी करून जपण्याची वस्तू नाही. ती चालली तरच टिकते. ज्याने कधी मोटार बाळगली आहे त्याला हे अनुभवाने ठाऊक असते. उभ्या गाडीच्या ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आतले दट्टे गंजून अडकतात. रबरी वायसर सुकून चिरतात. टायर एका जागी टेकून चपटे पडतात. बॅटरी मरते. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल निथळून गेल्याने तेथे गंजाची पहिली पुटे चढतात. टाकीतले पेट्रोल उडून त्याचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत बसतो. पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर नीट गरम होईपर्यंत गाडी पळवणे, हेच तिचे औषध. गॅरेजात उभ्या उभ्या इंजिन सुरू करून बंद करणे हे औषध नव्हे. त्याने सायलेन्सरमध्ये पाणीच साठते. ज्या नियमाचा हेतू जतन हा आहे, त्यानेच गाडीला उभे राहण्याची शिक्षा द्यावी, हा विपर्यास झाला.

त्यात इंधनाची भर पडली आहे. जुन्या गाड्यांनी इंधनाचा एक फेरा याआधी सोसला. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. ते योग्यच झाले. शिसे मुलांच्या मेंदूला घातक. पण जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचे वंगण मिळत असे, ते गेल्यावर त्या झिजू लागल्या. हौशी मंडळींनी हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या आणि कुरकुर न करता पुढे गेले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. परकीय चलन वाचते, उसाला गिऱ्हाईक मिळते, ही त्याची बाजू आम्ही जाणतो. महाराष्ट्राला तर ती अधिकच कळते. पण इथेनॉल हे ओल ओढून घेणारे द्रव्य आहे. साठच्या दशकातले रबरी नळ, इंधनपंपाचा पडदा, बुचाची सील ही त्याने मऊ पडतात, फुगतात, झडतात. जुन्या कार्बोरेटरचा जस्तमिश्रित धातू त्याने खवखवतो. गाडी बराच काळ उभी राहिली आणि हवा दमट असली, तर इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. म्हणजे पाहा, एक नियम गाडीला उभी राहा म्हणतो आणि दुसऱ्या धोरणाचे इंधन उभ्या गाडीलाच आधी खाते. दोन्ही मंत्रालयांनी एकमेकांना पत्र तरी लिहिले होते काय, असा प्रश्न मनात येतो.

नळ बदलता येतात, पडदे बदलता येतात. ते लोक बदलतीलही. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास केले, तेव्हा महागड्या प्रतीत पाच टक्क्यांचे पेट्रोल मुद्दाम राखून ठेवले, ते जुन्या गाड्यांसाठी. त्याच देशात चाळीस वर्षांपुढील, मोठा फेरफार न झालेल्या मोटारीला मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही, तिच्यावर रस्तेकर नाही आणि ती रोज चालवायलाही मनाई नाही. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाचा खास क्रमांक मिळतो. जागतिक संघटनाही तीस वर्षांचीच मर्यादा मानते. पन्नास हा आकडा आम्ही कोठून आणला?

या आकड्याचा जाच छाणीपेक्षा आमच्या किनाऱ्याला अधिक आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात एक छोटी दोन आसनी उघडी मोटार तयार झाली होती. ‘सॅन स्टॉर्म’ तिचे नाव. अंग फायबरचे, म्हणजे खाऱ्या हवेची तिला भीती नाही. इंजिन रेनॉ कंपनीचे. थोड्याच निघाल्या, आणि हिंदुस्थानात बनलेली उघडी क्रीडामोटार म्हणून उद्या इतिहासात तिला एक ओळ नक्की मिळेल. आज ती पंचविशीच्या घरात आहे. नूतनीकरणाच्या दृष्टीने ती म्हातारी, दहा हजारांच्या शुल्काला पात्र; वारशाच्या दृष्टीने ती पोरसवदा, आणखी पंचवीस वर्षे थांबायला हवी. तोवर एखाद्या तपासणीत धूर जास्त निघाला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर ‘आयुष्य संपलेले वाहन’ म्हणून ती भंगारात. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची कथा याहून फारशी वेगळी नाही. कापडी टपाची ती गाडी कित्येक घाटवाटांनी ओळखीची. वीस ते पन्नास ही तीस वर्षे ओलांडून जी गाडी जगेल तीच वारसा ठरणार. पण त्या तीस वर्षांत तिला जगवण्याची काही सोय नाही.

आक्षेप येईल तो आम्ही ओळखून आहोत. शहरांची हवा बिघडलेली, आणि तुम्ही धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांची वकिली करता? हे खरे की, कार्बोरेटरच्या इंजिनाला दर किलोमीटरमागे नव्या इंजिनाहून कितीतरी अधिक धूर सुटतो. पण छाणीची हेराल्ड वर्षाकाठी जितकी धावेल तितकी एखादी भाड्याची टॅक्सी चार-पाच दिवसांत धावते. वारशाच्या नावाखाली कोणी रोज कचेरीला जुनी मोटार नेऊ लागला, तर त्याला अवश्य रोखावे. ब्रेक आणि सुकाणू यांची तपासणी तर आम्ही आहे त्याहून कडक मागू. ज्या गाडीला छत नाही, पट्टे नाहीत, तिचे ब्रेक तरी चोख हवेत. श्रीमंतांची हौस, हाही एक टोमणा. ज्यांच्याकडे दहा रोल्स आहेत त्यांना नियमाची झळ मुळात लागत नाही. त्यांच्यापाशी ट्रक आहे, चालक आहे, वकील आहे. झळ लागते ती निवृत्तिवेतनातून टपाचे कापड विकत घेणाऱ्याला.

मंत्रालयाने फार मोठे काही करावे असे नाही. ‘व्हीए’ क्रमांकाच्या गाडीला महिन्यातून चार दिवस, दिवसाउजेडी, मालकाच्या विम्यावर मोकळेपणी फिरू द्यावे. तीस वर्षांपुढील गाड्यांसाठी एक मधला वर्ग काढावा, त्याचे शुल्क हलके असावे. ज्या गाड्यांचा सांगाडा पन्नास वर्षांपूर्वीच उघडा झाला आणि तसे जुने छायाचित्र वा आरटीओची जुनी नोंद दाखवता येते, त्यांना मूळ रूपातल्याच समजावे. कमी इथेनॉलचे पेट्रोल मोठ्या शहरांतील एखाद्या पंपावर तरी मिळावे. कोयलीच्या शेजाऱ्याला ते मागण्याचा विशेष हक्क आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जुन्या इंजिनांचा एक छोटा वर्ग चालवायला काय हरकत आहे? शिकवणारे मिस्त्री अजून हयात आहेत, आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही.

तोवर एक वाट नियमानेच मोकळी ठेवली आहे. इंधन भरण्यासाठी गाडी बाहेर काढण्यास मुभा आहे, आणि ते कोणत्या पंपावर भरावे हे नियमात लिहिलेले नाही. छाणीच्या गृहस्थाने पाऊस संपताच एखाद्या रविवारी सकाळी टप मागे टाकावा, पत्नीला शेजारी बसवावे आणि महीच्या पुलापलीकडचा एखादा पंप गाठावा. वाटेत शिपायाने हटकलेच, तर पेट्रोल भरायला निघालो आहोत असे सांगावे; त्यात खोटे काहीच नाही.